केबल जाते तरी कुठे?

गावच्या दवाखान्यात तीन खोल्या, एक सिस्टर आणि आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. शहरातल्या तज्ज्ञाला व्हिडिओवर पेशंट दाखवायचा, तर सिस्टर त्याला घेऊन गच्चीवर जायची आणि फोन उंच धरायची. तरी चित्र अडकायचंच. गुडघेदुखीवाले जिन्यातूनच माघारी फिरायचे.

रस्त्याकडेच्या खांबांवरून गेलेली काळी केबल ती दोन वर्षं येता-जाता बघत होती. एका सुट्टीच्या सकाळी तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, ही जाते तरी कुठे?"

सासरे टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. त्यांनी चष्मा पुसून वर पाहिलं. आमच्या तारांत तांबं असायचं, ही इंटरनेटची, हिच्यात केसासारखी बारीक काच असते, एवढं त्यांनी सांगितलं. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तेच त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी चपला घातल्या.

खांबामागून खांब बघत दोघं निघाले. गिरणी मागे पडली, तळं मागे पडलं. शाळेच्या मागच्या बाजूला केबल भिंतीत शिरली होती. शेजारीच राहणाऱ्या मुख्याध्यापिका बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. अडगळीच्या खोलीला चौथी किल्ली लागली. आत मोडके बाक, फाटके नकाशे आणि भिंतीवर धुळीने माखलेली एक पेटी. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

बाई ओशाळल्या. त्या इतके दिवस तिला विजेचा मीटर समजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टर तालुक्याला, या केबलचं काम बघणाऱ्या कचेरीत गेली. साहेबांनी कॉम्प्युटरवर गाव शोधलं आणि गाव कधीच जोडून झाल्याचं सांगितलं.

"कुणाला जोडलंय?" सिस्टरने विचारलं.

साहेबांनी नोंद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. पेटीपर्यंतचं काम त्यांचं होतं. पेटीच्या पुढचं कुणाचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माणूस सरळ होता. त्यांनी तिच्याकडून तिथल्या तिथे अर्ज लिहून घेतला आणि खाली स्वतः सही ठोकली.

दहा दिवसांनी दोन वायरमन आले. शाळेपासून दवाखान्यापर्यंत केबल ओढायला दुपार झाली. सासरे शिडीखाली उभे राहून, ती काच आहे, मुरगाळू नका, असं बजावत होते. शेवटी वायरमननी केबलचं भेंडोळं त्यांच्याच हातात दिलं आणि ते एकेक वेढा जपून सोडू लागले.

पहिली पेशंट कुंभारणीची सासू. डावा डोळा लाल झालेला. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला वर, खाली, बाजूला बघायला लावलं. ऑपरेशन नको, थेंब पुरतील म्हणाले. सिस्टरने थेंबांचं नाव लिहून घेतलं. म्हातारी मात्र खुर्चीवरून हलेना.

"डॉक्टर, तुमच्या खिडकीतून काय दिसतं हो?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी कॅमेरा वळवला. समोरच्या इमारतीची भिंत, वाळत घातलेली चादर, कठड्यावर एक मांजर. म्हातारीने चांगल्या डोळ्याने सगळं नीट निरखलं. मग ती सिस्टरला म्हणाली, "आता फोन दाराशी ने. त्यांनाही आपलं बघू दे."