अंगाबरोबर

सप्ताह बसला आणि केराबाईंचा हात बिघडला.

असं त्यांच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. गावी, वैरागला असताना देवळातल्या पंगतीची आमटी त्यांनी नुसत्या मुठीच्या अंदाजानं उतरवली होती, तीही न चाखता. नैवेद्याचं चाखायचं नसतं, हातालाच कळलं पाहिजे. आणि आता सोलापुरात, सुनेच्या सँडविचच्या गाडीसाठी कोबी कालवताना तोच हात त्यांना रोज तोंडघशी पाडत होता.

सून पायल, करमाळ्याची. मुलगा युवराज कारखान्यात पाळीला जायचा, आणि सात रस्त्याजवळची गाडी या दोघी चालवायच्या. गाडीवर उभी राहायची पायल, घरचं चिरणं-कालवणं केराबाईंकडे. त्यातला मानाचा पदार्थ म्हणजे कोलस्लॉ. बारीक चिरलेला कोबी, किसलेलं गाजर, मीठ, साखर, मिरपूड आणि त्यावर मेयोनीजचं पांढरं, दाटसर ड्रेसिंग. केराबाई त्याला 'कोसला' म्हणत. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे त्यांनी तो कधी जिभेला लावला नव्हता. बाटलीवर बिनअंड्याचं लिहिलंय हे पायलनं दहादा वाचून दाखवलं होतं. त्यावर त्यांचं एकच, की लिहिणाऱ्याला मी कुटं वळखती.

तरी गाडी सुरू झाल्यापासून चार महिने कोसला नामी व्हायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम ठरवून टाकला होता: भाजीला रस असतो तसं हे अंगाबरोबर पाहिजे. कोबीच्या अंगाला लागेल एवढंच. त्यात कोबी पोहायला लागला की बिघडलं. संध्याकाळी साडेपाचला पातेलं घेऊन बसायच्या, बोटांनी वर-खाली करायच्या, हात थांबला की ड्रेसिंग थांबायचं. सहाला पायल डबा उचलून गाडीवर जायची.

मग चैत्रातला सप्ताह आला. गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात रोज पाच ते सात कीर्तन, आणि महाराज खुद्द पायलच्या माहेरचे, करमाळ्याचे. काय गळा होता त्या माणसाचा! साधं 'ऐका' म्हटलं तरी टाळ धरलेले हात थांबायचे. केराबाईंना नमनापासून बसायचं असायचं; मध्येच पायांवरून वाट काढत जाणं त्यांना पाप वाटायचं. म्हणून त्या चारलाच कोबी कालवून मोकळ्या होऊ लागल्या. पायलनंच मागं मोबाइलवर एक व्हिडिओ ऐकवला होता, त्यातली बाई म्हणाली होती की कालवल्यावर तासभर मुरू द्या. तेव्हा मनालाही टोचणी नव्हती.

पहिल्या संध्याकाळी कॉलेजातली एक मुलगी सँडविच परत घेऊन आली. पाव खालून भिजून तिच्या हातातच सुटला होता. दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी बोटभर पांढरं पाणी. केराबाईंनी कोबीला दोष दिला, की उन्हाळ्याचा कोबी पाणचटच असतो. तिसऱ्या दिवशी मेयोनीजला दिला, कंपनीनं पाणी घातलं असणार. चौथ्या दिवशी ड्रेसिंग निम्मं केलं, तर चार वाजता कोबी गवताच्या पेंढीसारखा कोरडा दिसायला लागला. असला कोरडा पदार्थ माणसापुढं ठेवायचा कसा, म्हणून आणखी दोन चमचे घातले, मग आणखी एक. साडेसहाला पुन्हा पाणी.

पाचव्या दिवशी पायलनं वजनकाटा आणला. किलोभर कोबीला किती ग्रॅम ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. केराबाईंनी काट्यावर मोजून घातलं आणि पायलची पाठ वळताच, कोरडं दिसतंय म्हणून वरून थोडं सोडलं. हे पायलला कळलं. तिनं आवाज चढवला नाही. कागद भिंतीवरून काढून नीट घडी घालून ठेवला, आणि तेच केराबाईंना जास्त लागलं.

सातवा दिवस काल्याच्या कीर्तनाचा. हे कीर्तन सकाळी, दहा ते बारा. आणि नेमकी त्याच दिवशी साडेबाराला गाडीची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर: मुलींच्या अभ्यासिकेत निरोप समारंभ, साठ सँडविचं. पायल सकाळी बेकरीत पाव आणायला निघाली. चप्पल घालता घालता म्हणाली, "आत्या, आज शेवटचं बघू. आज पाणी सुटलं तर उद्यापासून मी नवी पेठेतून तयार डबा आणते. तुम्ही आराम करा."

आराम करा. वीस माणसांचं खटलं सांभाळलेल्या बाईला आराम करा. सून वाईट नव्हती, हे केराबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण या दोन खोल्यांत त्यांच्या नावावर उरलं होतं काय? एवढा एक कोबी. तोही डब्यात बंद होऊन आला, की सकाळपासून रात्रीपर्यंत भिंत बघायची.

त्या इरेला पेटून बसल्या. पहाटेच चिरलेला कोबी परातीत घेतला. मीठ घातलं, चोळलं, ड्रेसिंग घातलं. कोरडं दिसलं. हात आवरला. पुन्हा पाहिलं, तरी कोरडंच. देवाचं नाव घेऊन एक चमचा घातला, आणि मग स्वतःवरच चिडून बाटली लांब सरकवली. साडेआठ वाजले होते. डबा लावला, पदर खोचला आणि देवळाकडे निघाल्या. वाटेत तीनदा वाटलं, मागं फिरून डबा उघडावा. उघडून करायचं काय, तेही सुचत नव्हतं.

काल्याचा मान दर सप्ताहाला केराबाईंचाच. परातीत ज्वारीच्या लाह्या, काकडी, डाळ, कोथिंबीर. बाजूला दह्याचं पातेलं झाकून. त्या आणि शेजारच्या म्हाळसाबाई खांबाला टेकून परातीपाशी बसल्या होत्या. महाराज रंगात आले होते. गोपाळ रानात जमलेत, एकेकाची शिदोरी सोडायची वेळ झालीय. कुणाची भाकरी ताजी, कुणाची शिळी, कुणाच्या फडक्यात नुसती चटणी, आणि देव प्रत्येकाच्या गाठीला स्वतः हात घालतोय. बायकांचे डोळे भरून आले होते. केराबाईंना मात्र गोपाळांच्या शिदोरीतसुद्धा कोबीच दिसत होता. कीर्तनात बसून कोबी आठवतो, याचा त्यांना इतका संताप आला की त्यांनी स्वतःच्याच मांडीला चिमटा काढला.

तेवढ्यात म्हाळसाबाईंनी दह्याच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. कीर्तन संपायला अजून अर्धा तास होता. केराबाईंनी चटकन त्यांचं मनगट धरलं.

"आत्ता न्हाय, म्हाळसाबाई. हंडी फुटल्यावर. दही घातलं की लाह्या थांबत न्हाईत, लगदा हुतो."

"इतकी वर्सं बघती की मी," म्हाळसाबाई पुटपुटल्या. "जरा लवकर घातलं तर देव काय उठून जातोय?"

पण केराबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. म्हाळसाबाईंचं मनगट त्यांच्या मुठीत तसंच राहिलं होतं. दही घातलं की लाह्या थांबत नाहीत. कोबी तरी कसा थांबेल? मीठ लागलं, की तो अंगातलं पाणी सोडत बसणार. साडेपाचला कालवून सहाला जात होता, तोवर हात चुकला नव्हता. हात आजही चुकला नव्हता. चुकलं होतं घड्याळ. मोबाइलातल्या परक्या बाईनं मुरू द्या म्हटलं, आणि जन्मभर काला करणाऱ्या बाईनं ते मान डोलावून ऐकलं.

समोर देव पेंद्याच्या शिदोरीची गाठ सोडत होता. ती गाठ सुटताना बघायला केराबाई सात दिवस थांबल्या होत्या. त्या उठल्या. पायांवरून वाट काढत, माफी मागत, लोकांच्या कपाळाच्या आठ्या सोसत बाहेर पडल्या.

घरी पायल पावांना लोणी लावत होती. डबा तिच्यासमोर उघडा होता आणि कडेला पाणी जमलं होतं. तिनं फक्त वर पाहिलं.

"बोल की काय बोलायचं ते," केराबाई धापा टाकत म्हणाल्या.

"काय बोलू, आत्या? तास राहिलाय."

"मग बोलू नको. फडकं दे धुतलेलं."

त्यांनी सगळा कोबी फडक्यात बांधून पिळला. पांढरं पाणी मोरीत गेलं, आणि त्याच्याबरोबर मीठ, साखर, चवही गेली. घरात दोन गड्डे उरले होते. ते त्यांनी सपासप चिरून त्यात मिसळले. आता मीठ घालायचं नाही, ड्रेसिंगही नाही, सगळं तिथं गेल्यावर, असं त्यांनी बजावलं. पायल म्हणाली की तिथं सगळ्यांसमोर परात घेऊन कुठं बसणार. केराबाई म्हणाल्या की काल्याची परात देवासमोर घेऊन बसते, तर पोरींपुढं बसायला लाज कसली. रिक्षात डबा त्यांच्या मांडीवर होता आणि मेयोनीजची बाटली पायलच्या.

अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत केराबाईंनी जमिनीवरच मांडी घातली. दहा सँडविचांपुरता कोबी, तेवढ्यालाच मीठ, मिरपूड, साखर, तेवढ्यालाच ड्रेसिंग. कोरडं दिसलं, तसा हात बाटलीकडे गेला, आणि त्यांनी तो जिवावर येऊन मागं घेतला. पायलनं चाखून जमलं म्हणून मान डोलावली. केराबाईंचा चाखण्यावर विश्वास नव्हता. त्यांनी परात तिरकी केली. तळाशी काही धावलं नाही.

"बघ," त्या म्हणाल्या. "हे अंगाबरोबर."

दहा भरून गेली की पुढची दहा. साठावं सँडविच गेलं तेव्हा पाठ मोडायला आली होती. एकही परत आलं नाही. कौतुक करायलाही कुणी आलं नाही. मुली फोटो काढण्यात गुंतल्या होत्या.

परतताना पायल हळूच म्हणाली, की उद्यापासून आत्यांनी गाडीवरच यावं, गिऱ्हाईक आलं की तिथंच कालवावं. केराबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. संध्याकाळी पाचनंतर कुटं कीर्तन असलं तर काय करायचं, असं विचारलं. पायल म्हणाली, त्या दिवशी तुम्ही कोबी नुसता चिरून ठेवा, कालवायचं मी बघते. "पर मुरवायचं न्हाय," केराबाईंनी दटावलं. पायलनं तो व्हिडिओ त्यांच्यासमोरच पुसून टाकला.

दारात म्हाळसाबाई वाटीभर काला घेऊन बसल्या होत्या. चिडून सांगत होत्या, की अशी मधूनच उठून गेलीस, महाराजांनीसुद्धा बघितलं. पेंद्याच्या शिदोरीत काय निघालं, हे केराबाईंनी अधीर होऊन विचारलं. म्हाळसाबाईंना आठवेना, त्यांचा जरा डोळा लागला होता.

केराबाईंनी वाटी कपाळाला लावली आणि पहिला घास घेतला. लाह्यांचा नुसता लगदा. प्रसादाला नाव ठेवू नये, म्हणून त्यांनी गिळला. दुसरा घासही गिळला. तिसऱ्याला मात्र राहवेना.

"म्हाळसाबाई, दही कवा घातलं?"

"तू भायेर पडलीस की लगीच," म्हाळसाबाई म्हणाल्या. "म्हटलं, जरा मुरू दे."