खिशातली कुपी

रविवारी दुपारी लेक एकदाची झोपली, घर चिडीचूप झालं, आणि वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी कट-कट वाजायला लागलं. नाणं असेल म्हणून तिने मशीन थांबवलं आणि प्रयोगशाळेतला आपला पांढरा कोट बाहेर ओढला. बटण तुटलेला हा कोट आठ महिने ‘उद्या शिवू’च्या पिशवीत पडून होता. खिशातून बोटाच्या पेराएवढी कुपी निघाली. बंद, काठोकाठ भरलेली. झाकणावर तिच्याच अक्षरात तारीख.

तारीख तिने कोटाच्या बाहीने पुसून पुन्हा एकदा वाचली.

त्याच दिवशी तिचा तो गाजलेला प्रयोग झाला होता. फॉस्फेटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, मोठं उनाड. एकटं असलं की दिसेल त्या प्रथिनावरचा फॉस्फेट खुडत सुटतं. पण एखादं नियामक प्रथिन येऊन त्याला बिलगलं, की गुमान ठरलेल्या एकाच प्रथिनाकडे वळतं. असं एक नवं नियामक तिला सापडलं होतं. ते घातलेल्या पेशींत त्या एका प्रथिनावरचा फॉस्फेट गायब, न घातलेल्या पेशींत शाबूत. मात्र पेशी फोडल्या की आतली सगळी फॉस्फेटेज मोकाट सुटतात, म्हणून त्यांना थोपवणारं औषध आधी घालावं लागतं. नियामक नसलेल्या पेशी तिने आदल्या दिवशी औषध घालून फोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या औषधाची गोठलेली कुपी वितळावी म्हणून खिशात ठेवली, तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. नियामक घातलेल्या पेशी कशाबशा, औषधाविनाच फोडल्या, बर्फात खुपसल्या आणि ती कोटासकट धावली. म्हणजे फॉस्फेट नियामकामुळे गेलाच नव्हता. मोकाट सुटलेल्यांनी खुडला होता.

आणि तिच्या हाताखालची चष्मेवाली मुलगी आठ महिने तोच प्रयोग करत होती. न चुकता औषध घालून. फॉस्फेट दर वेळी जागच्या जागी. शुक्रवारी प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर तिला सगळ्यांदेखत म्हणाले, "हात आहेत की मुसळं? सोमवारपर्यंत जमलं नाही, तर दुसरी प्रयोगशाळा बघ." पोरगी खाली मान घालून निघून गेली. आणि हिने वर शहाणपणा केला होता, "अगं, बसेल हात हळूहळू."

कुपी कचऱ्यात टाकली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. केराची बादली हाताशीच होती. तिने बादली पायाने लांब सारली. हात ओले होते, म्हणून त्या मुलीला फोन स्पीकरवर लावला.

"ताई, लॅबमध्येच आहे. आज तर मोजताना श्वाससुद्धा नाही घेतला! तरी फॉस्फेट हलेना."

"हलणारच नाही गं. चूक तुझ्या हातांची नाही, माझी आहे. मी औषध घातलंच नव्हतं. कुपी आत्ता सापडली, माझ्या कोटात. उद्या सरांना मीच सांगते."

 पलीकडून बारीक आवाज, "आठ महिने, ताई... मी घरी सांगितलं होतं, मला हे काम जमत नाही म्हणून." आणि हुंदका.

"ऐक ना, त्या दिवशी लेकीला ताप होता, पाळणाघरातून फोन आला आणि..." शब्द तोंडातून निसटले, आणि तिलाच ते नकोसे झाले.

मागे दारात लेक उभी होती. गालावर उशीचे वळ, हातात पांघरुणाचं टोक.

"आई, फोनवरची ताई माझ्या तापामुळे रडतेय?"