ओल्या मुठीतली बॅट

मी टेबल टेनिसची एक जुनी बॅट आहे. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून माझा देह घडवला आणि दोन्ही अंगांस रबर लावले. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात काम करणारे सिद्धराम सर माझे पहिले धनी. त्यांच्या हाती राहून मी पुष्कळ कौतुक ऐकले. पुढे त्यांचा गुडघा दुखावला आणि मी सात वर्षे ट्रंकेत पडून राहिले. रबर कडक होऊन तडकले. निवृत्तीनंतर सरांनी सोलापुरात मुलांना शिकवायला घेतले, तेव्हा मला नवे रबर चढवून त्यांनी चौदा वर्षांच्या संघप्रियाच्या हाती दिले. हा उपकार मी विसरणे शक्य नाही.

मित्रांनो, भीती मनात असते असे म्हणतात. मला ते मान्य नाही. भीती प्रथम तळहातात उतरते. सरावात संघप्रिया मला अलगद धरी. स्पर्धेत मात्र तिची मूठ ओली होई, आवळली जाई, मनगट वळेनासे होई आणि चेंडू जाळीत जाई.

यंदा जिल्हा संघात एकच जागा उरली होती. त्या जागेसाठी तिची गाठ सोनालीशी पडली. आमच्या खेळात सामन्यापूर्वी एकमेकींच्या बॅटी तपासण्याची रीत आहे. सोनालीने मला हाती घेतले, तेव्हा तिचाही तळहात मला ओलाच लागला. पण हे संघप्रियाला सांगावे कसे? मला वाचा नाही.

अखेरच्या डावात संघप्रिया आठ-दहा अशी मागे पडली. सरांनी मिनिटभर खेळ थांबवून घेतला.

"सर, हात लई गार पडल्यात."

"पडू दे की. पण बॅट हाय ती, कोंबडी न्हाय. मान कशाला आवळतीस?"

तिला हसू आले. टेबलाशी परतून तिने खेळाडूंच्या सवयीप्रमाणे जाळीलगत तळहात पुसला, आणि पलीकडे, सोनालीच्या बाजूस, तसाच ओला ठसा तिला दिसला.

"हिचाबी घामेजलाय की," ती पुटपुटली.

हात ओला तो ओलाच राहिला. मूठ मात्र सैल झाली. पुढचे चारही गुण आम्ही घेतले आणि बारा-दहाने सामना जिंकून संघातली जागा मिळवली.

मित्रांनो, आम्हांला कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, हे मागणे आहेच. त्याहून मोठे मागणे असे, की भ्यालात तरी ज्याच्या भरवशावर खेळता, त्याला सैल धरा. चार गुणांपुरते तिने मला तसे धरले. तेवढ्यावर माझे आयुष्य सार्थकी लागले.