वजनाचा दोष आईच्या माथी

जेवणाच्या टेबलावर तिची खुर्ची भिंतीकडची होती. एका हाताला सासूबाई, दुसऱ्या हाताला नवरा. मध्येच उठायचं म्हटलं तर दोघांपैकी एकाला उठवावं लागे. सहावा महिना लागल्यापासून त्या खुर्चीत बसायचीच तिला धास्ती वाटू लागली होती.

"अगं, एवढ्याशा घासांनी काय होणार? दोन जिवांची आहेस," असं म्हणत सासूबाई भाताचा डाव तिच्या ताटात रिकामा करत.

"आई, पुरे आता," असं म्हणत नवरा त्यातला निम्मा भात आपल्या ताटात ओढून घेई. "चिमणीच्या वेळी हिचं वजन केवढं वाढलं होतं! आता पोर भोगतेय."

चिमणी ही त्यांची नऊ वर्षांची मुलगी. घरातलं लाडाचं नाव चिमणी, पण अंगानं चांगली भरलेली. शाळेत पोरं तिला काय काय म्हणत, ते ती घरी सांगत नसे. शर्यतीच्या दिवशी मात्र तिचं पोट हमखास दुखे. हे सगळं बोलणं चालायचं तेव्हा ती समोरच बसलेली असायची, आणि ती ऐकतेय हे कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं.

तिची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सैल झालेल्या काड्या आवळायच्या, वाकडी चौकट सरळ करायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा अलगद बसवून द्यायचा. हात इतका हलका की लोक तिलाच विचारत येत. दुकानात तिच्या शब्दाला मान होता. घरी मात्र तिच्या स्वतःच्या ताटाबद्दलही तिला कुणी विचारत नसे.

नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. सगळं मोजूनमापून करायची त्याला सवय. गरोदरपणात आईचं वजन फार वाढलं तर मूल पुढे लठ्ठ होतं, असं त्यानं फोनवर कुठंतरी वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी वजनाचा काटा आणून न्हाणीघराबाहेर ठेवला. रोज सकाळी तिनं काट्यावर उभं राहायचं आणि त्यानं वाकून आकडा बघून "हं" म्हणायचं. तो "हं" दिवसभर तिच्या मागे लागायचा. माणूस वाईट नव्हता. तिची कंबर धरली की न सांगता शेक द्यायला बसायचा. पण त्याच्या काळजीला गुन्हेगार हवा होता, आणि तो त्याला घरातच सापडला होता.

खरं सांगायचं तर तिलाही ते पटत चाललं होतं. जिना चढताना चिमणीला धाप लागली की हिच्या काळजात चर्र होई. तेव्हा सासूबाईंनी वाढलं हे खरं, पण खाल्लं तर आपणच ना? मग तिनं मनाशी एक ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. घरी दोघांच्या ओढाताणीत पडेल तेवढं खायचं आणि दुपारचा डबा दुकानामागच्या गल्लीत कुत्र्यांना घालायचा.

एका दुपारी ती एका आजोबांच्या चष्म्याची काडी आवळत होती. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं एकाएकी पाण्यात पडल्यासारखी हलू लागली. ती स्टुलावरून खाली कोसळली.

मालकांनी तिला गाडीत घालून तिच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि घरी फोन केला. नवरा आला, सासूबाई आल्या आणि शाळेच्या दप्तरासकट चिमणीही आली.

"बाळ सुखरूप आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ही उपाशी आहे. का?"

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी नवराच बोलला. "डॉक्टर, आईच्या वजनाचा मुलावर परिणाम होतो ना? मी वाचलंय."

"बरोबर वाचलंत, पण अर्धंच. आईचं वजन गरजेपेक्षा फार वाढलं तर मुलाचं वजन पुढे वाढण्याची शक्यता जरा जास्त असते, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. पण शक्यता म्हणजे शिक्षा नव्हे. त्यात रक्तातून आलेलं किती, पोटात असतानाचं किती आणि नंतर घरात जे खाल्लं त्याचं किती, हे कुणालाही नेमकं वेगळं काढून दाखवता येत नाही. म्हणून हिला दोघांचं खायला घालू नका आणि हिचं तोडूही नका. किती वजन वाढावं ते प्रत्येकीचं वेगळं असतं. ते मी आणि ही मिळून बघू." मग त्या चिमणीकडे वळल्या. "शाळेतून आल्यावर तू काय करतेस गं?"

"टीव्ही बघते. आजी बिस्किटं देते. बाबा येताना वेफर्स आणतात."

"आणि आई?"

"आई दुकानात असते."

सासूबाईंनी पदर सारखा केला. नवरा मात्र हटला नाही. "तरीपण, निदान या खेपेला तरी..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चिमणीनं विचारलं, "बाबा, नवीन बाळ माझ्यासारखं होऊ नये म्हणून आईला उपाशी ठेवलंय का?"

रोज आईवर डागलेली तोफ कुणाला लागत होती, ते त्याला तेव्हा कळलं! तो चिमणीजवळ गेला. त्यानं तिच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं आणि खाली मान घालून म्हणाला, "चुकलो गं मी. तुझ्या आईच्या बाबतीतही चुकलो."

पलंगावरून तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. "मला भूक लागलीय," ती म्हणाली, "आणि माझं मी वाढून घेईन."

त्या दिवसापासून सगळं सुतासारखं सरळ झालं, असं नाही. सासूबाईंचा हात सवयीनं डावाकडे जाई आणि त्या स्वतःच तो मागे घेत. वेफर्स बंद झाले ते सगळ्यांचेच, त्यामुळे आठवडाभर बापलेक दोघांचीही तोंडं उतरलेली होती. संध्याकाळी दोघं मैदानावर जाऊ लागली. तिथं धाप आधी बापालाच लागे, आणि चिमणी त्याच्यासाठी थांबे. चिमणी काही रातोरात बारीक झाली नाही. पण तिचं पोट दुखणं थांबलं.

दिवस भरले आणि मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. बघायला आलेल्या लांबच्या मामींनी त्याचा गाल ओढून म्हटलं, "हाही बहिणीच्याच वळणावर जाणार वाटतं. सूनबाई, खाण्यावर ताबा नव्हता का या वेळी?"

नवऱ्यानं बाळाला आपल्या हातात घेतलं. "मामी, तिनं नऊ महिने सांभाळलं. पुढची वर्षं आम्हा सगळ्यांची आहेत. वळण लागेल ते आमचं."

वाचकहो, गरोदर बाईच्या तब्येतीची काळजी जरूर घ्या. तिचं वजन बेताचं राहावं म्हणून तिला साथ द्या, त्याचा मायलेकरांना फायदाच आहे. पण मुलाचं अंग भरलं म्हणून आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. त्या पिंजऱ्यात ती एकटी नसते, तिचं मूलही तिच्या शेजारी उभं असतं.