दुरुस्ती कळवली होती

मिथुनला कामावरून काढलं ते वरोरच्या बंदरावर, सगळ्यांच्या देखत. मच्छीमार संस्थेचं कोल्ड स्टोरेज बंद पडून आतला माल सडला होता. पापलेट-घोळीचे क्रेट खड्ड्यात ओतायचं काम चाललं होतं आणि यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सांगत होता, की ऑपरेटरने, म्हणजे मिथुनने, कंट्रोल पॅनेलला मोबाइल जोडून व्हिडिओ पाहिले, त्यातूनच व्हायरस शिरला. मिथुन नाही-नाही म्हणत राहिला. एका बाईने सडका मासा त्याच्या पायाशी आपटला.

तो उधव्याला घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याची मोठी बहीण दक्षा डहाणूला खोली घेऊन राहायची, ती कळताच धावत आली. तिचं काम घरात कोणाला धड सांगता येत नसे. संगणकाच्या तळाशी तयार कोडची एक लायब्ररी असते. वरचे सगळे प्रोग्रॅम बारीकसारीक कामं तिच्याकडूनच करून घेतात. त्या लायब्ररीत चोराला शिरता येईल अशी भोकं शोधायची आणि बुजवायची, हे दक्षा आणि देशोदेशीची तिच्यासारखी मोजकी माणसं करत.

कंट्रोलच्या पडद्यावर काय दिसत होतं, असं तिने विचारलं. मिथुनने फोटो काढला होता. पैसे द्या, नाहीतर यंत्र बंदच राहील, अशा खंडणीच्या मजकुराखाली लायब्ररीचा आवृत्ती क्रमांक होता. तो वाचला आणि दक्षाचं डोकं सणकलं. हे भोक तिनेच गेल्या वर्षी शोधलं होतं. नेटवर्कवरून अपेक्षेपेक्षा लांब उत्तर आलं, की ही लायब्ररी आपली जागा ओलांडून शेजारच्या जागेत लिहीत सुटायची, आणि नेमकं तिथे चोराला आपला कोड घुसवता यायचा. तिने दुरुस्ती केली होती. गवगवा व्हायच्या आधी यंत्रं बनवणाऱ्यांना गुपचूप कळवलंही होतं. त्यात ही कंपनी होती. त्यांचं उत्तर आलं होतं, की आमची यंत्रं इंटरनेटला जोडलेलीच नसतात, सबब गरज नाही.

दुसऱ्या दिवशी ती मिथुनला घेऊन संस्थेच्या ऑफिसात गेली. तो येत नव्हता, तिने दंडाला धरून आणला. चेअरमन नविनकाका आणि तो इंजिनिअर चहा घेत होते. दक्षाने बसायच्या आधीच विचारलं, की यंत्राच्या नोंदी कोणी पाहिल्या का. कोणी पाहिल्या नव्हत्या. काकांनी परवानगी दिली आणि तिने कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन यंत्राला लॅपटॉप जोडला. मोबाइल जोडल्याची एकही नोंद नव्हती. खंडणीचा मजकूर यायच्या जरा आधी मात्र लायब्ररी पुन्हापुन्हा कोसळली होती, त्याच भोकापाशी. आणि कंट्रोलच्या कपाटामागे सिमकार्डवाला मोडेम सापडला. कंपनीनेच लावलेला, आपल्या ऑफिसात बसून तापमान बघता यावं म्हणून.

इंजिनिअर ओशाळला नाही. उलट म्हणाला, "मॅडम, तुम्ही लोकच असली भोकं जगजाहीर करता. चोरांना कळतं ते तुमच्यामुळे."

दक्षाने आवाज चढवला नाही.

"जाहीर केलं ते दुरुस्ती निघाल्यावर. तुम्हाला त्याच्याही आधी कळवलं होतं. इंटरनेट नाही, असं तुम्ही लिहून दिलंत आणि इथे मोडेम लावलात. मग स्वतःची कातडी वाचवायला माझ्या भावाचं नाव घेतलंत."

तो म्हणाला, वरून आदेश आल्याशिवाय अपडेट टाकायचा मला अधिकार नाही.

"यंत्र आमचं आहे," नविनकाका मध्ये पडले. "तू टाक, बाय."

तिने आधी मोडेम उपटला. मग सगळं पुसून नवी लायब्ररी टाकली आणि भोक बुजलं का ते बघायला स्वतः एक भलंमोठं खोटं उत्तर यंत्राकडे पाठवलं. यंत्राने ते नाकारलं. कॉम्प्रेसर घरघरत सुरू झाला. तिला वाटलं होतं बरं वाटेल. तसं काही झालं नाही. या कंपनीची अशीच यंत्रं किनारपट्टीवर आणखी किती ठिकाणी असतील, तेवढंच तिच्या डोक्यात भणभणत होतं.

काकांनी मिथुनच्या खांद्यावर हात ठेवला. झालं गेलं विसर, उद्यापासून ये, म्हणाले.

"बंदरावर सगळ्यांच्या देखत काढलंत काका," मिथुन म्हणाला. "तिथंच सांगा."

काका अवघडले, पण गेले. क्रेट धुणाऱ्या बायकांसमोर उभं राहून, पोराची चूक नव्हती, असं पुटपुटले. मासा आपटणाऱ्या बाईने मान खाली घातली. मिथुनने ऐकून घेतलं, हात जोडले आणि त्या कामावर परत काही गेला नाही. आता तो घोलवडला चिकू भरायला जातो.

दक्षाने त्या कंपनीची यंत्रं असलेल्या प्रत्येक संस्थेला स्वतः फोन लावले. काहींनी लगेच ऐकलं. एकाने सांगितलं, यंत्र चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा. तिने फोन ठेवला नाही. तोंडावर आलेल्या शिव्या गिळल्या आणि पहिल्यापासून पुन्हा समजावायला लागली.