बुडावरचं नाव

पूनमसिंगनं फळीवरचा वाडगा उचलला आणि सरळ करायला गेला, तशी कांताबाई खेकसली.

"पालथाच राहू दे गा. आमच्या घरी तो पालथाच राह्यते."

"बाई, पालथ्याच्या पोटातलं मी कसं पाहू?" पूनमसिंग हसला. दिग्रसकडचा माणूस. पांढरे बूट, तीन बोटांत तीन अंगठ्या. मोठ्या घरांतली जुनी झुंबरं, घड्याळं, चिनी मातीची भांडी हेरायची आणि हैदराबादच्या शौकिनांना विकायची, हा त्याचा धंदा. "माझ्या हातून आजवर एक कप नाही फुटला. बायकोचे फुटले, ते वेगळे."

कांताबाई हसली नाही. दारात घनश्याम देशमुख उभा होता, आणि त्याच्या मागं त्याचा ड्रायव्हर गोपाल, चौकटीएवढा रुंद. देशमुखाच्या पायानं वस्तीत कधी चांगलं आलेलं नाही, हे तिला साठ वर्षांत नीट कळलं होतं.

तिचा लेक धम्मरत्न अंगणात बाजेवर बसून टाईल्स कापायचं ग्राइंडर फडक्यानं पुसत होता. यवतमाळच्या नव्या बंगल्यांमध्ये फरशी बसवायचं काम तो करायचा. आज रविवार, म्हणून घरी. वस्तीतली बाकी माणसं नेरला लग्नाला गेलेली. कुत्रीसुद्धा सावलीला पडून होती.

ग्राइंडर खाली ठेवून तो घरात आला. पूनमसिंगनं खिशातून भिंग आणि लहानशी बॅटरी काढली होती. वाडगा जेमतेम ओंजळीएवढा, पांढरा. बाहेरून निळी वेल, आत एकच निळा मासा. काठाला टवका उडालेला.

"हे पाहा देशमुख साहेब. ही वेल हातानं काढली आहे. कुंचला टेकला तिथं रंग दाट, उचलला तिथं पातळ. पायाची कडा पाहा, बोट फिरवा, लोण्यासारखी. अन् तुमच्या दिवाणखान्यातले सकाळी पाहिले ते? सगळीकडं रंग एकसारखा. वेलीचा जोड एका जागी चुकलेला. छापील कागद चिकटवून भाजलेला माल आहे तो. असली वाडगे तुमच्या वडलांनी केव्हाच विकून खाल्ले."

घनश्यामचे कान लाल झाले. "बाबाचं नाव घेऊ नको बे."

"मी कायले घेऊ? वाडगेच घेऊन राह्यले."

धम्मरत्नला हसू फुटलं. घनश्यामनं ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

मग पूनमसिंगनं वाडगा पालथा केला आणि बॅटरी बुडावर धरली. बुडावर निळ्या रंगाची दोन वर्तुळं, त्यांच्या आत सहा चिनी अक्षरं. आणि त्या अक्षरांच्या उरावर, टाचणीएवढ्या ठिपक्यांनी ठोकून काढलेलं नाव: सोमा महार.

सोमा म्हणजे कांताबाईचा सासरा, धम्मरत्नचा आजा. घनश्यामच्या पणज्यानं कापसाच्या गाठी मुंबईला विकल्या, त्या जहाजानं चीनला गेल्या, आणि खूश झालेल्या व्यापाऱ्यानं त्याला डझनभर वाडगे दिले. त्यातल्या एकाचा टवका उडाला. टवक्याचं भांडं पाहुण्यांपुढं कसं ठेवायचं? ते गोठ्याच्या कोनाड्यात गेलं, सोमाला चहा द्यायला. चहा वरून ओतायचे. सोमानं पिऊन, विसळून, पालथं घालायचं. पण बाकीचे वाडगे हुबेहूब तसेच. एखाद्या दिवशी हा चुकून घरात आला तर? देशमुखाच्या पणजीनं नाव टाकणाऱ्या कासाराला बोलावलं. लेकीच्या आंदणाच्या पितळी भांड्यांवर त्यानं लेकीचं नाव टाकलं आणि या वाडग्यावर सोमाचं. नुसतं सोमा नाही, पुढं जातसुद्धा. बाटायची एवढी भीती, की हौसेनं पैसे मोजून भीती कोरून घेतली.

छप्पन साली सोमा नागपूरहून दीक्षा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात गेला, कोनाड्यातला वाडगा काढला आणि म्हणाला, "ह्याच्यात आता पिणार नाही. पण नाव माझं आहे, म्हून घरी नेतो." घनश्यामचा आजा विठ्ठलराव तेव्हा तरणाबांड होता. त्यानं बैलाच्या खुंट्यानं सोमाचं तोंड फोडलं. दोन दात गोठ्यात राहिले, वाडगा शाबूत घरी आला. तेव्हापासून तो फळीवर पालथा. त्यात कोणी पाण्याचा थेंब प्यायचा नाही, आणि त्याच्यावरचं नाव कोणी झाकायचं नाही.

"खरा आहे," पूनमसिंग शेवटी बोलला. आवाज बदलला होता. "तीनशे वर्षांच्या पुढं. टवक्यासकट नागपुरात घर होईन."

"मंग बांध," घनश्याम म्हणाला. "आमचाच आहे. आमच्या गोठ्यातून उचलून आणला यायनं."

"सही कोणाची?"

"माझी. अजून कोणाची?"

पूनमसिंगनं मान हलवली. "गेल्या साली एक पितळी मूर्ती घेतली, चोरीची निघाली. ठाण्याच्या बाकड्यावर बसून माझ्या पँटीचं बूड फाटलं. आता नियम करून टाकला. भांड्यावर नाव असन तर त्या नावाच्या वारसाची सही पाहिजे. घेणारा पहिले हेच विचारते, हा सोमा कोण?"

"विकायचा नाही," कांताबाई म्हणाली.

"अवो बाई, ऐकून तर—"

"ऐकलं. नाही विकायचा."

"तुमचा कसा झाला पण?" घनश्याम उंबरठा ओलांडून आत आला. चपला पायातच.

धम्मरत्न मधे उभा राहिला. "नाव कोणं टाकलं, घनश्यामभाऊ? माह्या आज्याले सही येत नव्हती. तुमच्या पणजीनं टाकलं. ज्याचं नाव त्याचं भांडं, हे तुमच्याच घरचं शास्त्र आहे. आता काहून दुखून राह्यलं?"

पूनमसिंगनं वाडगा फळीवर ठेवला, पालथा. "मी उद्या यवतमाळले आहो. नाववाले आले तर बोलू. राम राम." आणि मोटरसायकल काढून निघून गेला. त्याला पुढचं दिसत होतं. धंदेवाल्या माणसाला ते आधी दिसतं, आणि तो आधी निघतो.

धूळ बसायच्या आत घनश्यामनं फळीवरून वाडगा उचलला.

"ठेव खाली," धम्मरत्न म्हणाला.

गोपालनं त्याच्या कानशिलात अशी हाणली की तो चुलीवर पडला आणि तव्याची कड कपाळात शिरली. उठतो न उठतो तोच पोटात लाथ. श्वास तुटला. कांताबाई धावली तर तिच्या केसाला धरून गोपालनं तिला भिंतीवर आपटलं. तिच्या कानातली कुडी मांसासकट निघून आली. तिच्या तोंडून रडणं नाही निघालं, शिवी निघाली. तशी शिवी धम्मरत्ननं आपल्या मायच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"लय शिकले तुम्ही," घनश्याम म्हणत होता. "शास्त्र शिकवते मले. आण बे ह्याले बाहेर."

गोपालनं धम्मरत्नला बखोटीला धरून फरफटत अंगणात आणलं. बाजेजवळ ग्राइंडर पडलं होतं. घनश्यामनं ते पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर डोकं चालल्यासारखं काहीतरी आलं.

"नावाचाच घोर आहे ना? नावच नाही राह्यलं तर कोण सोमा अन् कोणाचा वारस? चल, हेच काम करतं ना तू? घास."

"काय?"

"नाव घास. तुह्या हातानं. मंग तुले सोडतो."

धम्मरत्न ओठावरचं रक्त चाटून त्याच्याकडं बघत राहिला. घास म्हणे. माझ्या आज्याचे दोन दात ज्याच्यापायी गेले ते मी घासू.

"नाही घासत."

"गोपाल."

गोपालनं त्याचा उजवा हात धुण्याच्या दगडावर दाबला, पंजावर गुडघा दिला, आणि ग्राइंडरशेजारचा फरशी ठोकायचा हातोडा घेतला. लाकडी दांड्याचा, रबराचा. फरशी फुटू नये म्हणून तो रबराचा असतो. बोटासाठी तसा विचार कोणी केलेला नाही. पहिलं बोट मोडलं तेव्हा कापसाची सुकलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. धम्मरत्न ओरडला.

"घासतं का?"

"नाही."

दुसरं बोट. या वेळी तो ओरडला नाही, ओकला.

"घासतं का बे?"

"तुह्या बापानं वाडगे विकले, तू नाव विक," धम्मरत्न म्हणाला. शब्द तोंडातून लाळेसारखे गळत होते. "तुमच्या घरी दुसरं राह्यलंच काय विकाले?"

हे वर्मी लागलं. घनश्यामनं वायर ओढून खिडकीतल्या बोर्डात लावली. स्वतः बाजेवर बसला, वाडगा पालथा मांड्यांमध्ये धरला, गुडघ्यांनी दाबला, आणि एका हातानं ग्राइंडर उचललं.

धम्मरत्ननं ते पाहिलं. आणि दुखण्याच्या त्या लाल चिखलातसुद्धा त्याच्या रोजच्या धंद्यातलं सगळं त्याला साफ दिसलं. चिनी माती कोरडी कापायची नाही, वरून पाण्याची धार लागते. नाहीतर तापून तडकते. आणि भांडं तडकलं की पातं अडकतं, आणि अडकलेलं पातं माणसाच्या अंगावर येतं. पात्याची लोखंडी ढाल त्यानं दोन महिन्यांपूर्वी काढून टाकलेली, कोपऱ्यात काम करताना मधे येते म्हणून. सगळेच मिस्त्री काढतात. आणि मांडीत धरून तर हाताखालच्या नव्या पोरालासुद्धा कोणी कापू देत नाही.

त्यानं तोंड उघडलं. सांगायचं होतं त्याला, खरंच सांगायचं होतं. तेवढ्यात माय दारात आली. भिंत धरून उभी. मानेवरून लुगड्यात रक्त उतरत होतं आणि कानाची पाळी दोन तुकडे होऊन लोंबत होती.

धम्मरत्ननं तोंड मिटलं.

ग्राइंडर किंचाळलं. पांढरी धूळ उडाली. घनश्याम डावीकडून सुरू झाला, वाचतात तिकडून. पहिलं अक्षर गेलं. दुसरं गेलं. "पाह्य, पाह्य," तो ओरडत होता, "गेला तुहा सोमा!" आणि मशीनवर त्यानं अजून जोर दिला.

वाडगा फुटला तो आवाज ग्राइंडरच्या आवाजातही ऐकू आला. पातं फुटीत अडकलं, मशीन त्याच्या मुठीतून उलटं उसळलं आणि आधी डाव्या तळव्यात, मग मांडीत उतरलं. पायजमा, कातडं, मांस, सगळं एका ओढीत. घनश्यामची किंकाळी फार बारीक होती. एवढ्या मोठ्या माणसाची एवढी बारीक.

गोपालची पकड ढिली पडली. धम्मरत्ननं कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. हाड दबल्याचं जाणवलं, आणि बरं वाटलं. गोपाल वळला तर कांताबाई समोर, दोन्ही हातांत वरवंटा. तिनं तो त्याच्या गुडघ्यावर घातला. तो पडला. तिनं दुसरा घातला, खांद्यावर. तिसरा डोक्यावर घालणार तोच गोपाल चार पायांवर सरपटत फाटकाबाहेर गेला, गाडीत चढला आणि मालकाला तिथंच टाकून गाडी घेऊन पळाला. त्याच्या निष्ठेची किंमत काय होती ते पूनमसिंगनं भिंग लावून सांगितलं असतं.

धम्मरत्ननं डाव्या हातानं वायर उपटली. अंगण एकदम शांत झालं.

घनश्याम बाजेखाली पडला होता. मांडीतून रक्त असं येत होतं जसं बोअरची मोटर बंद करताना शेवटचं पाणी येतं, उचक्या देत. धम्मरत्न दोन क्षण नुसता बघत उभा राहिला. मरू द्यावं, असं त्याला वाटलं. वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. मग त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला, देशमुखाच्या मांडीला वरच्या अंगानं गुंडाळला, एक टोक दातात धरलं, एक डाव्या हातात, आणि ओढला. घनश्याम गुरासारखा ओरडला.

"ओरड," धम्मरत्न दातातूनच म्हणाला. "मी एकदाच ओरडलो, तुहं दुसऱ्यांदा झालं."

त्यानं एकशे आठला फोन लावला. कळंबहून गाडी निघते म्हणाले. मग ठाण्याला लावला. काय झालं ते सांगितलं, कोणी केलं ते नावानिशी सांगितलं. पलीकडचा विचारत होता, वस्तू काय होती, कोणाच्या मालकीची. "नाव होतं तिच्यावर," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

कांताबाई अंगणात वाकून तुकडे वेचत होती. मासा तीन जागी तुटलेला. काठाचे चिंधडे. बुडाचा एक तुकडा तेवढा मोठा राहिला होता, अर्धं वर्तुळ आणि अर्धी अक्षरं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो लेकापुढं धरला.

"काय राह्यलं?"

धम्मरत्ननं अंगठ्यानं धूळ पुसली. सोमा गेला होता. पांढरी घासलेली खाच होती तिथं. पुढचं पूर्ण शाबूत होतं, एकेक ठिपका.

"सांग ना. काय राह्यलं?"

"जात राह्यली, माय. आजाच घासल्या गेला."

कांताबाई हसली. फाटक्या कानाची, रक्तानं माखलेली बाई मोठ्यानं हसली, आणि धम्मरत्नला त्या हसण्याची मारापेक्षा जास्त भीती वाटली. मग ती आत गेली आणि तो तुकडा फळीवर ठेवून आली. अक्षरं वर करून.

"पाणी," बाजेखालून आवाज आला. घनश्यामचे ओठ पांढरे पडले होते. "कांताबाई... पाणी दे वो."

ती रांजणाकडं गेली. स्टीलचा गडवा भरला आणि त्याच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. तो गडवा हातात घ्यायला कोपरावर उठला आणि चांगला हात पुढं केला.

तिनं गडवा दिला नाही. वर धरला, तिच्या सासऱ्यासाठी धरायचे तेवढा वर.

"भांड्यात देल्लं असतं," ती म्हणाली. "भांडं तर तू फोडलं. ओंजळ कर."

घनश्यामनं तिच्याकडं पाहिलं, मग गडव्याकडं. तहान मोठी होती. त्यानं कापलेला तळवा चांगल्याला जोडला. कांताबाईनं वरून धार सोडली. पाणी त्याच्या ओंजळीत पडताच लाल होत होतं, आणि तो ते पीत होता, दूर रस्त्यावर गाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत.