ठिपक्यांचा घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. पण मला चारा दाखवू नका आणि माझ्या मागे उभं राहायला घाबरूही नका, कारण मी लाकडाचा आहे. दोन्ही बाजूंनी उघडणारी, घडी घालता येणारी शिडी असते ना, तिला रंगारी लोक घोडा म्हणतात. मला हे नाव इतकं आवडतं की कोणी नुसतं 'शिडी' म्हटलं तर मी कुरकुरतो. आणि आज तर माझा आनंद पायऱ्यांत मावत नाही! आज मला पुन्हा कामावर नेणार आहेत. मला ही आनंदाची बातमी कधी एकदा सांगतो असं झालं आहे, पण तिची गंमत कळायला तुम्हाला माझी सगळी हकीकत ऐकावी लागेल.

एका सुताराने जुन्या दारांच्या चौकटी उकलून मला घडवलं. दोन भाग वर बिजागरीने जोडले आणि पाय फाकून मी आडवा होऊ नये म्हणून खाली मधोमध एक दोरी बांधली. ही दोरी लक्षात ठेवा. ती सैल पडली तर मी भुईसपाट होतो आणि फार आखूड बांधली तर मला धड उभंच राहता येत नाही. सुताराने ती बरोबर मापाने बांधली आणि मला एका रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराला विकलं.

ठेकेदाराकडे मी उमेदीची वर्षं काढली. तिथे एक बाई कामाला होती. भिंती खरवडणं, भेगा भरणं, घासणं, पुसणं, सगळं तिच्याकडे. रंगाच्या एका थराला आमच्यात एक हात म्हणतात. पहिला हात ती मारायची, पण शेवटचा हात ठेकेदार कोणालाही मारू द्यायचा नाही, कारण घरमालकाला दिसतो तो शेवटचाच. एकदा तिने धीर करून विचारलं, तेव्हा तो सगळ्यांसमोर खो खो हसला. तिने त्याच दिवशी काम सोडलं. जाताना त्याने मला तिच्या अंगावर ढकललं. माझी एक पायरी तडकलेली, दोरी कुजलेली. तो म्हणाला, "हा पण घेऊन जा. दोघांची जोडी छान जमेल." त्याला टोमणा मारायचा होता. मित्रांनो, ती जोडी खरंच जमली!

तिने मला नवी पायरी आणि नवी दोरी दिली, आणि आमचा धंदा सुरू झाला. धंदा म्हणजे काय, तर ती, मी आणि तिची नणंद. नणंद तिला वहिनी म्हणायची आणि ती नणंदेला ताई, म्हणून मीही तेच म्हणतो. ताई आधी चपलांच्या दुकानात होती. समोरच्याचा पाय मोठा असला तरी त्याला जोडा लहान आहे असं वाटू न देणारी जीभ तिच्याकडे होती. तिने दारोदार फिरून कामं आणायची आणि वहिनीने ती करायची, असं ठरलं.

सुरुवातीला आमच्याकडे फक्त नातेवाईक आले. वहिनीच्या मावसकाकांचं घर 'आपलंच आहे' म्हणून रंगवलं. मग काकांचे मेहुणे आले, मग मेहुण्यांचे शेजारी, आणि सगळेच आपले निघाले. कौतुक इतकं झालं की नुसत्या कौतुकावर पोट भरत असतं तर आम्ही लठ्ठ झालो असतो. शेवटी ताईने सांगून टाकलं की आपल्या माणसांनी आपल्या धंद्याला आधी हातभार लावावा. एक काका रुसले, बाकीचे शहाणे झाले. आमची गाडी रुळावर आली.

आणि मग ते मोठं काम आलं! दातांच्या एक डॉक्टरीणबाई स्वतःचा दवाखाना उघडत होत्या. त्यांनाही सगळं नवीन होतं. खुर्ची आली का, नळ बसला का, पाटी कुठे लावायची, नुसती धावपळ. येणाऱ्या माणसाची भीती कमी व्हावी म्हणून त्यांना बसायच्या खोलीची मोठी भिंत कोवळ्या वाटाण्याच्या रंगाची हवी होती. वहिनीने पांढऱ्या रंगात हिरवा आणि पिवळा थेंब थेंब घालत तो रंग असा जमवला की मलाच गार वाटलं. हे काम चांगलं झालं तर त्या इमारतीतले सगळे दवाखाने आम्हाला बोलावणार होते. बिघडलं, तर पुन्हा काकांचे मेहुणे.

दवाखाना उघडायला दोन दिवस उरले असताना डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, की आतल्या पॅसेजलाही हाच रंग लागेल का. ताईची जीभ तयारच होती. "का नाही?" ती म्हणाली आणि मग वहिनीला सांगायला आली. वहिनीच्या कपाळावर आठी पडली. तिने मुकाट्याने पॅसेज रंगवला आणि मग मोठ्या भिंतीचा शेवटचा हात घेतला. आमच्याकडेही शेवटचा हात एकटीचाच होता बरं का. ताईने कधी रोलर मागितला तर वहिनी म्हणायची, "तू गिऱ्हाईकं सांभाळ."

भिंत अर्धी झाली आणि बादलीचा तळ दिसला. वहिनीने संध्याकाळी दिव्याच्या उजेडात अंदाजाने दुसरी बादली कालवली. ओला असताना रंग हुबेहूब दिसला. सकाळी ऊन आत आलं आणि खरा रंग दिसला. भिंतीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक रेघ. रेघेच्या अलीकडे वाटाणा कोवळा आणि पलीकडे जून.

ताई हळूच म्हणाली, "इथे औषधांचं कपाट येणार आहे ना? झाकून जाईल."

"कपाट हलवतील त्या दिवशी आपलं नाव निघेल," वहिनी म्हणाली.

मग दोघींची जुंपली. पॅसेजला हो कोणी म्हटलं, दुसरी बादली कोणी कालवली, इथून सुरू झालेलं भांडण गेल्या वर्षीच्या दुधाच्या उतू जाण्यापर्यंत पोचलं. मी मधे उभा. माझ्या दोन बाजूंना दोघी, आणि बिजागरी माझी दुखायला लागली. खरं सांगतो, मला वाटलं, संपला धंदा. मी परत ठेकेदाराच्या अंगणात पडलो आहे, असं मला दिसायला लागलं.

तेवढ्यात डबा घेऊन ताईचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा आला. तो शाळेची बस चालवायचा, त्यामुळे सकाळची फेरी झाली की स्वयंपाक त्याचा. त्याने भिंत पाहिली, दोघींची तोंडं पाहिली आणि डबा खाली ठेवला.

"हे भांडण घरचं आहे की कामाचं, ते आधी ठरवा," तो म्हणाला. "घरचं असेल तर मी मधे पडतो. कामाचं असेल तर मी वाढायला घेतो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "कामाचं," ताई म्हणाली. वहिनीने मान हलवली. मग त्याने वर्तमानपत्र पसरलं आणि पानं वाढली.

दोन घास पोटात गेल्यावर वहिनी म्हणाली, "मला पॅसेजला नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालंच नाही."

"आणि मी तुला विचारलंच नाही," ताई म्हणाली. "नुसतं येऊन सांगितलं."

बस्स, एवढंच. पण माझी बिजागरी लगेच हलकी झाली. जेवण झाल्यावर डॉक्टरीणबाईंना सगळं सांगायला ताई स्वतः गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा साखर न घालता बोलली. त्या तिच्याबरोबर भिंतीपाशी आल्या. "मला कदाचित दिसलीही नसती," त्या म्हणाल्या. "पण मागच्या दाढा कोणाला दिसत नाहीत म्हणून मी अर्धवट भरत नाही. उद्या दवाखाना उघडायचा आहे. होईल?"

ताई चटकन हो म्हणणार होती. पण तिने तोंड मिटलं आणि वहिनीकडे पाहिलं.

वहिनी मनात हिशेब करत होती. अख्खी भिंत एका दमात व्हायला हवी होती. वरचा रंग वाळायच्या आत खालचा त्याला येऊन मिळाला नाही, तर पुन्हा रेघ. दुपारच्या उकाड्यात रंग भराभर वाळणार, म्हणजे एका माणसाला ते शक्यच नव्हतं. तिने हातातल्या रोलरकडे पाहिलं, मग ताईकडे. ठेकेदाराने जे तिला कधी दिलं नव्हतं, तेच तीही ताईला देत नव्हती, हे तिच्या त्याच क्षणी लक्षात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले.

"होईल," ती म्हणाली आणि रोलर ताईच्या हातात दिला. "वरचा भाग मी घेते. खालचा तुझा. डोळ्यांसमोर येतो तोच."

या वेळी एकच मोठी बादली कालवली, पुरून उरेल एवढी. वहिनीने त्यातला एक थेंब माझ्या पायाला लावला, तो वाळू दिला आणि मला पॅसेजच्या भिंतीला टेकवलं. ठिपका भिंतीत दिसेनासा झाला. मग तिने माझी दोरी दोनदा ओढून पाहिली, आणि मित्रांनो, ती माझ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसली! मुरलेले रंगारी खाली न उतरता घोड्याला असंच चालवतात. (तुम्ही घरी हे करू नका, आपटाल.) आजवर माझ्यावर असा फक्त ठेकेदार बसला होता. वहिनीने कंबर डावीकडे झुकवली, माझा उजवा पाय उचलला गेला. उजवीकडे झुकवली, डावा उचलला. टक, टक, टक! मी चाललो! खाली ताई, वर वहिनी, मधे मी. ताई आधी फार जपून रोलर फिरवत होती, पण तिसऱ्या पट्ट्यापर्यंत तिचा हात बसला. ओल्याला ओला मिळत गेला. मी उभा जन्म शिडी होतो, पण घोडा त्या दुपारी झालो!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात भिंत एकसारखी उभी होती. ताईने ती नजर अगदी जवळ नेऊन तपासली आणि मग तिथेच फरशीवर बसून रडली. वहिनी तिच्या शेजारी बसली. त्या इमारतीतले बाकीचे दवाखाने आम्हाला मिळाले, हे सांगायला नकोच.

त्या दिवसापासून आमचा नियमच झाला. विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं असेल तर पोटात ठेवायचं नाही, आणि प्रत्येक कामाचा रंग आधी माझ्या पायावर वाळवून पाहायचा. बघता बघता माझं अंग ठिपक्यांनी भरून गेलं. गिऱ्हाईकं छापील रंगांची पुस्तकं बाजूला सारून माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि म्हणायची, हा द्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग धंदा वाढला. दुकान झालं, माणसं आली आणि त्यांच्यासाठी चकचकीत, हलकी ॲल्युमिनियमची शिडी आली. ती चांगली आहे, पण तिच्यावर रंग लागला की लगेच पुसतात. मी मागच्या खोलीत गेलो. माझ्या पायऱ्यांवर जुनी फडकी वाळू लागली. मला वाईट वाटलं, लपवत नाही. एका नव्या कामगाराने तर मला घासून, पॉलिश करून दुकानात शोभेला ठेवायचं ठरवलं होतं. तो घासकागद घेऊन आलाही होता. वहिनीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्या कागदाने त्याने निमूटपणे खिडकी घासली.

आणि आज सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला! पाइप फुटून त्यांच्या मोठ्या भिंतीचा कोपरा खराब झाला आहे. त्यांना तोच रंग हवा आहे, कारण त्यांच्याकडे येणारी माणसं म्हणतात की ती भिंत पाहिली की दात कमी दुखतो. रंगाच्या कंपनीने तो पिवळा कधीच बंद केला आहे. किती थेंब घातले होते, हे कोणालाच आठवेना. सगळे डोकं खाजवत होते, आणि ताई एकदम उठून मागच्या खोलीकडे धावली. फडकी उडाली, कोळी पळाले, आणि माझ्या डाव्या पायावर खाली, सगळ्यांत पहिला, तो कोवळा वाटाणा तसाच होता!

आता वहिनी माझ्यासमोर बसून त्याला जुळणारा रंग कालवते आहे. तिचे गुडघे हल्ली दुखतात. मघाशीच तिने ताईला सांगितलं, "आज घोड्यावर तू बस. मी खाली उभी राहते."

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या घरात असा कोणी जुना घोडा असेल तर त्याला उन्हापावसात टाकू नका. चढण्याआधी त्याची दोरी ओढून पाहा. कोणाबरोबर काम कराल तेव्हा तिथलीही दोरी अधूनमधून ओढून पाहत जा, आणि शेवटचा हात एकट्याकडे ठेवू नका. बाकी मला पुसायचं असेल तर धूळ पुसा. ठिपके तेवढे राहू द्या. चला, ताई दोरी तपासते आहे, निघतो मी!